घरची कॉफी: कुंडीतल्या रोपापासून डब्यातल्या भाजलेल्या बियांपर्यंत

कुंडीत लावलेलं कॉफीचं झाड, त्यावर लालबुंद फळं आणि पुढच्याच क्षणी वाफाळता कप. असा एखादा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. तो पाहून वाटतं, तुळस लावतो तशी कॉफी लावायची आणि वर्षभरात घरची कॉफी प्यायची. व्हिडिओत दिसत नाहीत ती मधली तीन-चार वर्षं आणि फळं तोडल्यानंतरची महिनाभराची खटपट.

म्हणून आधीच सांगून टाकूया. कॉफीचं झाड घरी वाढतं, त्याला फळं लागतात आणि त्या फळांची कॉफीही होते. पण त्यावर घराची रोजची कॉफी भागत नाही. कच्च्या बिया विकत आणून घरी भाजणं मात्र आजपासून जमण्यासारखं आहे. दोन्ही गोष्टी नेमक्या कशा करायच्या, ते क्रमाने पाहू.

कॉफीचं झाड म्हणजे नेमकं काय?

कॉफी ही अनंत, इक्झोरा आणि कदंब यांच्या कुळातली, म्हणजे रुबिएसी कुळातली. अनंताची चकचकीत, गडद हिरवी पानं आठवा, कॉफीची पानं साधारण तशीच दिसतात. फुलं पांढरी असतात आणि वास मोगऱ्याच्या जवळ जाणारा. फळ बोराएवढं, आधी हिरवं आणि पिकलं की लाल. त्यात बहुतेक वेळा दोन बिया सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या असतात. कधी एकच गोल बी तयार होते, तिला 'पीबेरी' म्हणतात.

आपण पितो त्या कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका चवीला नाजूक, सुगंधी आणि किंचित आंबटसर. रोबस्टा कडू, दाट आणि अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असलेली. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत बऱ्याचदा दोन्हींचं मिश्रण असतं.

भारतात कॉफी कशी आली याची एक कथा प्रसिद्ध आहे. १७व्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हज यात्रेहून परतताना येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असं सांगितलं जातं. त्या डोंगररांगेला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. आज देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. त्याखालोखाल केरळ आणि तामिळनाडूचा क्रमांक लागतो, तर आंध्रातलं अराकू खोरंही आता नावारूपाला आलं आहे. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा आठवतं. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या या गावात इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत.

तुमच्या गावात कॉफी जगेल का?

अरेबिकाला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि १००० ते १५०० मीटरची उंची मानवते. रोबस्टा २० ते ३० अंशांत आणि ५०० ते १००० मीटरवर चांगली वाढते. दोन्हींना थेट रणरणतं ऊन सोसत नाही. भारतातले कॉफीचे मळे मोठ्या झाडांच्या सावलीत असतात ते यासाठीच.

हे गणित आपल्याकडे लावून पाहू. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सांभाळले तर अरेबिका जगते. मुंबई, कोकण आणि गोव्यात हवा दमट असते, ती कॉफीला आवडते, पण उकाडा जास्त असल्यामुळे तिथे रोबस्टा बरी. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीवरचं रोप करपून जाऊ शकतं. तिथे पूर्वेकडच्या बाल्कनीत किंवा मोठ्या झाडाखालीच प्रयत्न करावा.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. अरेबिका स्वपरागित आहे, म्हणजे एकच झाड असलं तरी फळं धरतात. रोबस्टाला फळधारणेसाठी दुसऱ्या रोबस्टा झाडाचे पराग लागतात. जागा एकाच कुंडीची असेल, तर निवड अरेबिकाचीच करा.

बी लावावी की रोप आणावं?

भाजलेली बी उगवत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण भाजायला मिळणाऱ्या हिरव्या बियासुद्धा सहसा उगवत नाहीत. कॉफीची बी लवकर मरते. साध्या हवेत काही महिन्यांतच तिची उगवणशक्ती संपत जाते आणि बाजारातल्या बियांचं टरफल काढून बरेच दिवस झालेले असतात. म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या 'कॉफी सीड्स'च्या पाकिटावर बिया कधीच्या आहेत हे लिहिलेलं नसेल, तर पैसे घालवू नका.

ताजी पिकलेली फळं मिळाली तर मात्र बी लावून बघावी. गर काढा, बी धुवा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा. मग २४ तास पाण्यात भिजवून सपाट बाजू खाली ठेवून सेंटिमीटरभर खोल पेरा. माती ओलसर ठेवा, चिखल होऊ देऊ नका. कोंब दिसायला दीड ते दोन महिने लागतात. रोप वर येतं तेव्हा बी त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते. ती टोपी ओढून काढायचा मोह होतो, पण हात लावू नका. आतून दोन गोल पानं उलगडली की ती आपोआप गळून पडते.

सोपा मार्ग म्हणजे वर्षभराचं रोप आणणं. कूर्ग किंवा चिकमगळूरकडे जाणं झालं तर तिथल्या रोपवाटिकांत ती मिळतात. कुंडीसाठी बुटक्या जाती सोयीच्या. बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणलेली 'चंद्रगिरी' ही अरेबिकाची अशीच एक बुटकी जात आहे.

कुंडी, माती आणि पाणी

सुरुवातीला लहान कुंडी चालेल, पण दुसऱ्या वर्षापर्यंत १४ ते १६ इंचांची खोल कुंडी द्या. माती भुसभुशीत आणि किंचित आम्लधर्मी हवी, सामू ६ ते ६.५ च्या आसपास. बागेतली माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समान प्रमाणात घेतलं तरी काम भागतं. तळाची भोकं मोकळी असली पाहिजेत. मुळाशी पाणी साचलं की कॉफीची मुळं कुजतात.

सकाळचं कोवळं ऊन द्या आणि दुपारी सावली. गच्चीवर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधली तरी चालते. बोअरचं पाणी जड असेल तर काही महिन्यांत नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे बहुधा लोह न मिळाल्याचं लक्षण असतं. अशा वेळी जमेल तितकं पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

झाड अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा. त्यामुळे आडव्या फांद्या वाढतात आणि कॉफीला फळं लागतात ती या आडव्या फांद्यांवरच.

कीड-रोगांत घरी जास्त त्रास देतो तो पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा थर दिसला की ओल्या फडक्याने पुसून काढा आणि निंबोळी तेलाची फवारणी करा. पानाच्या मागे केशरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं लगेच तोडून टाका. याच तांबेऱ्याने १९व्या शतकात श्रीलंकेतले कॉफीचे मळे उद्ध्वस्त केले आणि त्यांच्या जागी चहा आला.

फुलं येतात कधी?

तीन ते चार वर्षांनी. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत कळ्या तयार होऊन थांबून राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर आली की आठ-दहा दिवसांत सगळं झाड एकदम पांढरं होतं. कुंडीतल्या झाडालाही हाच अनुभव देता येतो. फेब्रुवारीत दोन-तीन आठवडे पाणी कमी करा, पण पानं कोमेजून गळतील इतकंही नाही. मग एकदा भरपूर पाणी द्या.

फुलं दोन-तीन दिवसच टिकतात. त्यानंतर अरेबिकाची फळं पिकायला आठ-नऊ महिने आणि रोबस्टाची दहा-अकरा महिने लागतात. म्हणजे एप्रिलच्या फुलांची कॉफी डिसेंबर-जानेवारीत हाती येणार. सगळी फळं एका वेळी पिकत नाहीत, त्यामुळे पूर्ण लाल झालेली तेवढीच तोडत राहा. हिरव्या फळाची कॉफी तुरट लागते.

फळापासून कच्च्या बीपर्यंत

फळं तोडली की आधी पाण्यात टाका. तरंगणारी फळं पोकळ किंवा किडकी असतात, ती काढून टाका. त्यानंतर दोन रस्ते आहेत.

पहिला कोरडा. फळं अख्खीच उन्हात एका थरात पसरा, दिवसातून चार-पाच वेळा हलवा आणि संध्याकाळी झाका. दोन-तीन आठवड्यांत ती काळपट होतात आणि हलवली की आत बी खुळखुळते. अशा कॉफीला फळांचा गोडसर वास येतो.

दुसरा ओला. फळं चिमटीत दाबून बिया बाहेर काढा. बियांवर बुळबुळीत चिकट थर असतो. त्या पाण्यात साधारण २४ तास ठेवल्या की आंबण्याच्या क्रियेने तो सुटतो. बी चोळून पाहिल्यावर बुळबुळीऐवजी खरखरीत लागली की झालं. मग स्वच्छ धुवून आठ-दहा दिवस वाळवा. ही कॉफी चवीला नितळ असते.

दोन्ही प्रकारांत बियांमधला ओलावा १० ते १२ टक्क्यांवर यायला हवा. घरी मोजायचं साधन नसतं, तेव्हा दाताखाली धरून पाहा. दात रुतला तर बी अजून ओली आहे, कडक लागली तर वाळली. वाळवताना घाई केली की बुरशी येते. बुरशी आलेल्या बियांत ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि भाजूनही ते पूर्ण जात नाही. अशा बिया फेकूनच द्या.

शेवटी टरफल. खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचा आणि सुपात पाखडा. राहिली ती कच्ची, हिरवट कॉफी.

एका झाडाची किती कॉफी?

पाच-सहा किलो फळांपासून साधारण एक किलो कच्च्या बिया मिळतात. भाजताना त्यांचं वजन आणखी १५ ते २० टक्क्यांनी घटतं. समजा, तुमच्या कुंडीतल्या झाडाला अर्धा किलो फळं लागली. त्यातून ८५ ते १०० ग्रॅम कच्च्या बिया आणि भाजल्यावर ७० ते ८५ ग्रॅम कॉफी हाती येईल. एका कपाला १० ग्रॅम पूड धरली तर सात-आठ कप. वर्षाला!

रोज दोन कप पिणाऱ्या एका माणसाला वर्षाला सात किलोहून जास्त भाजलेली कॉफी लागते. तेवढ्यासाठी अशा शंभरेक कुंड्या लागतील. म्हणून झाड लावायचं ते हौसेसाठी, फुलांच्या वासासाठी आणि आपल्या कपामागे किती राबणं असतं ते मुलांना दाखवण्यासाठी. रोजच्या कॉफीसाठी कच्च्या बिया विकत आणाव्यात.

त्या आणताना पाकिटावरचे शब्द समजून घ्या. 'प्लांटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका, 'अरेबिका चेरी' म्हणजे अख्खं फळ वाळवलेली. 'रोबस्टा पार्चमेंट' ही धुतलेली रोबस्टा आणि 'रोबस्टा चेरी' अख्खी वाळवलेली. पुढचं 'ए' किंवा 'बी' हे अक्षर मुख्यतः बीचा आकार सांगतं आणि 'पीबी' म्हणजे पीबेरी.

कॉफी भाजणं: कान आणि नाक उघडे ठेवा

शेंगदाणे किंवा चकलीची भाजणी भाजणाऱ्या हाताला कॉफी अवघड नाही. फरक इतकाच की तापमान बरंच जास्त लागतं आणि शेवटचा एक मिनिट सगळं ठरवतो.

लोखंडाची जाड कढई घ्या. नॉनस्टिक नको, इतक्या उष्णतेला त्याचा लेप खराब होतो. एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच बिया घ्या. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, कारण धूर होणारच. कढईवर बसेल असं झाकण हाताशी ठेवा आणि गॅससमोरून हलू नका. बियांनी पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही.

कढई मध्यम आचेवर तापवून बिया टाका आणि उलथन्याने सतत हलवत राहा. मग हे टप्पे दिसतील:

१. पहिली चार-पाच मिनिटं हिरव्या बिया पिवळ्या होतात. वास वाळलेल्या गवतासारखा येतो.

२. पुढे रंग बदामी होतो, वास भाजलेल्या पावासारखा. बियांवरचा चंदेरी पापुद्रा सुटून उडायला लागतो.

३. आठ-दहा मिनिटांच्या सुमारास बिया फुटल्याचा आवाज येतो, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा. हा पहिला तडका. या वेळी बीचं तापमान २०० अंशांच्या आसपास असतं. इथून पुढे कॉफी पिण्यायोग्य होते.

४. आवाज थांबला की थोडी शांतता असते. या वेळात उतरवली तर मध्यम भाजलेली कॉफी मिळते. आंबटपणा, गोडवा आणि कडूपणा यांचा मेळ इथे चांगला बसतो.

५. तसंच चालू ठेवलं तर सव्वादोनशे अंशांच्या पुढेमागे दुसरा तडका सुरू होतो. हा आवाज बारीक, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. बियांवर तेल चमकतं. दुधातल्या कडक कॉफीसाठी दुसऱ्या तडक्याच्या सुरुवातीलाच उतरवा. त्यापुढे उरतो तो कोळसा.

हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी गॅस बंद करा, कारण बिया आतल्या उष्णतेनेही भाजत राहतात. लगेच स्टीलच्या चाळणीत ओता आणि पंख्याखाली एका चाळणीतून दुसरीत करत राहा. चार-पाच मिनिटांत बिया हाताला गार लागल्या पाहिजेत. पापुद्रे आपोआप उडून जातात.

पहिल्या घाण्यात काही बिया काळ्या आणि काही फिक्या निघतील. हलवणं कमी पडलं किंवा आच मोठी होती, एवढाच त्याचा अर्थ. किती ग्रॅम, किती आच आणि पहिला तडका कितव्या मिनिटाला, हे वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात बसतो.

साठवण: हवा, ओल, ऊन आणि उष्णता टाळा

भाजल्याबरोबर कॉफी प्यायची घाई करू नका. ताज्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो आणि त्यामुळे चव विस्कळीत लागते. निदान एक दिवस थांबा. तीन दिवसांनी चव खुलते आणि पुढचे दोन-तीन आठवडे ती सर्वांत चांगली असते. पहिल्या दिवशी डब्याचं झाकण किंचित सैल ठेवा. दुकानातल्या पाकिटांवर छोटी एकमार्गी झडप असते ती याच वायूसाठी. आतला वायू तिच्यातून बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही.

त्यानंतर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा गडद काचेची बरणी घ्या आणि गॅसपासून लांब, बंद कपाटात ठेवा. बरणी अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा लहान बरणी काठोकाठ भरा. रोज उघडायचा डबा वेगळा आणि साठ्याचा वेगळा असावा.

फ्रिजमध्ये ठेवू नका. डबा आतबाहेर करताना बियांवर ओल धरते, शिवाय कॉफी लसूण-कांद्याचे वास शोषते. खूप दिवस टिकवायचीच असेल तर आठवड्याआठवड्याच्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. एकेक पुडी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा आणि पुन्हा आत ठेवू नका.

कच्च्या बिया जास्त टिकतात. थंड, कोरड्या जागी त्या सहा महिने ते वर्षभर चांगल्या राहतात. पण कोकण-मुंबईचा पावसाळा त्यांनाही सोडत नाही. ओल्या हवेत बी फुगते, फिकट होते आणि चव बदलते. 'मॉन्सून्ड मलबार' ही आपल्या पश्चिम किनाऱ्याची प्रसिद्ध कॉफी मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर ठेवून अशीच तयार करतात. शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचायला महिनोन् महिने लागत, तेव्हा वाटेत बियांचं हेच व्हायचं आणि तिकडच्या लोकांना ती चव आवडू लागली होती. पण ते काम देखरेखीखाली चालतं, घरच्या डब्यात मात्र नुसती बुरशी येईल. म्हणून जूनआधी कच्च्या बिया हवाबंद करून टाका.

आणि पूड? दळल्यावर कॉफीचा वास काही तासांतच उतरायला लागतो. म्हणून लागेल तेवढीच दळा. मिक्सर चालेल, पण सलग फिरवू नका. चार-पाच सेकंदांचे झटके द्या, नाहीतर पूड तापते. घरात कुत्रा असेल तर बिया आणि पूड त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका. कॅफिन कुत्र्यांना विषारी ठरतं.

मग सुरुवात कुठून करायची?

पाव किलो कच्ची 'प्लांटेशन ए' आणा आणि येत्या रविवारी त्यातली १०० ग्रॅम कढईत भाजून पाहा. तीन दिवसांनी दळून आधी कोरी प्या, म्हणजे भाजणं जमलं की नाही ते कळेल. मग हवं तर दूध-साखर घालून, वर जायफळ किसून, आपल्या घरची पद्धत आहेच. ती चव आवडली, तर एक रोपही आणा. डब्यातली कॉफी संपत राहील, नवी भाजली जाईल आणि चौथ्या वर्षी मार्चमध्ये बाल्कनीत मोगऱ्यासारखा वास आला की समजा, आठ-नऊ महिन्यांनी सात-आठ कप अगदी घरचे मिळणार आहेत.